हलक्या कामास लायक

रुग्णता निवृत्तिवेतनाच्या जुन्या वैद्यकीय दाखल्यात वयाचा रकाना दोनदा येई. इसमाचे वय त्याच्या सांगण्यावरून किती आणि दिसण्यावरून सुमारे किती, हे डॉक्टर दोन्ही लिहीत. जन्मतारखेचा पुरावा दुर्मीळ होता तेव्हाची ही सोय. त्याखाली खरा निकाल असे: हा माणूस पुढील नोकरीस पूर्णपणे आणि कायमचा असमर्थ आहे. असमर्थता त्याच्या व्यसनांमुळे किंवा अनियमित राहणीमुळे आलेली दिसत नाही, हेही नमूद करावे लागे. शेवटी एक पर्यायी वाक्य असे आणि ते लागू नसल्यास खोडले जाई: असमर्थता पूर्ण नाही, कमी कष्टाच्या कामास हा लायक आहे.

या शेवटच्या वाक्याचे पुढे काय झाले, ते शोधावेसे वाटले.

बुलढाणा जिल्ह्यातला सरकारी नोकर या दाखल्याखाली आला तो वऱ्हाडच्या वाटेने. 1853 साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला, 1902 मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. इंग्रजी अमलातल्या मुलकी सेवा नियमांत ‘इनव्हॅलिड पेन्शन’चे वेगळे प्रकरण होते. दहा वर्षे नोकरी भरली असेल तर दरमहा पेन्शन, नसेल तर एकरकमी उपदान. 1956 मध्ये जिल्हा नागपूरच्या राजधानीतून मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1 मे 1962 ला जिल्हा परिषद झाल्यावर शाळामास्तर आणि ग्रामसेवक तिच्या आस्थापनेवर गेले. चाळीसच्या दशकात लागलेल्या एखाद्या मास्तराचे सेवापुस्तक तीन राज्यांच्या शिक्क्यांनी भरलेले असणार. दाखल्याचा गाभा मात्र तोच राहिला. 15 ऑगस्ट 1982 पासून महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम लागू झाले, त्यांतही तो आला आणि दहा वर्षांची अटही आली.

या साऱ्या काळात कायद्याला प्रश्न एकच पडत होता: या देहाकडून काम होईल का? नसेल होणार, तर माणूस घरी. दुसरे काम द्यायला वरिष्ठ बांधलेला नव्हता. दाखल्यातले ते शेवटचे वाक्य होते, पण त्यातून कर्मचाऱ्याचा हक्क उभा राहत नव्हता.

ते वाक्य हक्काच्या जवळ आले ते एसटीच्या ड्रायव्हरांमुळे, तेही राजस्थानातल्या. चाळिशी ओलांडलेल्या, नजर अधू झालेल्या तिथल्या चालकांना महामंडळाने काढले होते. 1990 च्या डिसेंबरात, आनंद बिहारी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी पर्यायी कामाची आणि ते नसेल तर भरपाईची योजना आखून दिली. वर्षानुवर्षे गाडी हाकण्याचा डोळ्यांवर परिणाम होतो, याची दखल न्यायालयाने घेतली. राजूर घाटातून रात्रीची गाडी घाटाखाली मलकापूरकडे नेणाऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको. समोरच्या गाडीचा झोत आणि पुढचे वळण एकाच वेळी अंगावर येते. ती नजर नोकरीतच खर्च झालेली असते.

मग 1995 चा अपंग व्यक्ती कायदा आला. 7 फेब्रुवारी 1996 ला तो लागू झाला आणि त्याच्या 47 व्या कलमाने शंभर वर्षांची रीत उलटी केली. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढायचे नाही, पदावनत करायचे नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यायचे. तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा नियत वयापर्यंत, त्याला त्यावर ठेवायचे. ‘अधिसंख्य’ हा आस्थापनेच्या टेबलावरचा रुक्ष शब्द, पण त्यात एका घराचा पूर्ण पगार आहे.

कार्यालये जुन्याच वाटेने जात राहिली. केंद्राच्या स्पेशल सर्व्हिस ब्युरोतल्या एका शिपायाचा पाय कर्तव्यावरच्या दुखापतीने कापावा लागला. त्याला अनफिट ठरवून रुग्णता पेन्शनवर घरी पाठवले. पेन्शन मिळते आहे, मग कलम 47 कशाला, असा सरकारचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी 2003 मध्ये कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. पेन्शन मिळाल्याने नोकरीचे संरक्षण संपत नाही.

मला अधिक अस्वस्थ करतो तो भगवान दास खटला. पंजाब वीज मंडळातला हा सहायक लाइनमन पूर्ण अंध झाला. कायदा लागू झाला त्याच वर्षी त्याने स्वतःच अर्ज केला: मला निवृत्त करा, माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळाने निवृत्ती तेवढी मंजूर केली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सेवेतच असल्याचे मानायला लावले. आपला हक्क ठाऊक नसलेल्या माणसाचा तो अर्ज स्वीकारण्याआधी त्याला कायदा सांगणे हे वरिष्ठांचे काम होते, असा त्या निकालाचा रोख आहे.

2016 च्या कायद्यात हे संरक्षण कलम 20 मध्ये आले. अपंगत्वाचे प्रकार 7 होते, ते 21 झाले. त्यांत विदर्भाच्या ओळखीचा सिकलसेल आहे, कंपवातही आहे. पण हृदय थकलेला किंवा कर्करोगाने खंगलेला कर्मचारी त्या यादीत बसेलच असे नाही. त्याला आजही रुग्णता पेन्शनच उपयोगी पडते, म्हणून जुनी वाट बुजवून चालणार नाही.

आणि ती बुजलीच होती. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही, तिच्यासोबत रुग्णता पेन्शनही गेली. म्हातारपणाच्या पेन्शनवर सगळे बोलत होते. पस्तिशीत लकवा आलेल्या ग्रामसेवकाचा विचार झाला नव्हता. मार्च 2023 च्या राज्यव्यापी संपानंतर, 31 मार्चच्या शासन निर्णयाने नव्या पेन्शन योजनेतल्या या कर्मचाऱ्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना ते 2009 मध्येच दिले होते, आणि 2019 मध्ये दहा वर्षांची अटही काढली होती. चौदा वर्षांचा हा उशीर मला माफ करण्याजोगा वाटत नाही.

एसटीचा ड्रायव्हर या नियमांच्या बाहेरच राहिला. त्याची पेन्शन भविष्य निधीच्या 1995 च्या योजनेतून येते. तिथे पूर्ण व कायमच्या अपंगत्वाला एका महिन्याची वर्गणीही पुरते, ही त्या योजनेची मोठी चांगली बाजू. रक्कम मात्र सुरुवातीला किमान 250 रुपये होती, आणि 2014 पासून किमान पेन्शन 1,000 आहे. ती वाढावी म्हणून झटणाऱ्या ईपीएस-95 राष्ट्रीय संघर्ष समितीचे साखळी उपोषण बुलढाण्यातच सुरू झाले, डिसेंबर 2018 मध्ये.

हात चालत नसेल तर निवृत्तीचा अर्ज बहुधा बायको लिहिते, नाहीतर मुलगा. मजकूर ऑफिसातलाच कुणी सांगतो, चांगल्या मनानेच सांगतो: प्रकृतीच्या कारणास्तव मला सेवेतून मुक्त करावे. मला बसून करण्याजोगे काम द्यावे, ही ओळ त्याच कागदावर मावली असती.