न्यू लॅनार्कचा चौरंगी ठोकळा

मनुष्य पोटासाठी काम करतो, हे खरेच. परंतु त्याच पगारावर एकजण मन लावून राबतो आणि दुसरा नुसता वेळ काढतो, याचा उलगडा तेवढ्याने होत नाही. स्कॉटलंडातील एका गिरणीमालकास हा प्रश्न फार तीव्रतेने भेडसावला.

क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळील न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्यांचा कारभार १८०० सालच्या आरंभी रॉबर्ट ओवेन या अठ्ठावीस वर्षांच्या वेल्श तरुणाने हाती घेतला. चोरी, मद्यपान व आळस यांचा तेथे सुकाळ होता, असे तो सांगतो. नवा धनी, त्यातून परका; त्याच्या प्रत्येक सुधारणेकडे कामगार संशयाने पाहत.

शिक्षा वर्ज्य करून ओवेनने एक अजब साधन योजिले. सुमारे दोन इंच लांबीचा लाकडी ठोकळा, त्याच्या चार बाजूंस काळा, निळा, पिवळा व पांढरा रंग. प्रत्येकाच्या जागेशी तो टांगलेला असे आणि आदल्या दिवशीच्या वर्तनाचा रंग दर्शनी ठेवला जाई: काळा वाईटाचा, पांढरा उत्कृष्टाचा. रंग अन्यायाने ठरविला गेला असे वाटल्यास थेट ओवेनकडे दाद मागता येई. ओवेन फेरी मारताना ठोकळ्याकडे पाही, मग माणसाकडे पाही आणि अक्षरही न बोलता पुढे जाई. प्रारंभी काळ्याचेच राज्य होते. हळूहळू निळा व पिवळा वाढत गेला.

पुढे प्रसिद्धी पावला तो हा ठोकळाच. परंतु केवळ त्याच्या धाकाने माणसे पालटली असे मानणे भाबडेपणाचे होईल. संशय फिटला तो निराळ्याच प्रसंगाने. अमेरिकेने आपल्या बंदरांतील निर्यात रोखली, कापूस कडाडला आणि गिरण्या थांबल्या. (आत्मचरित्रात ओवेन १८०६ साल देतो, निर्बंधाचा कायदा मात्र डिसेंबर १८०७ चा आहे. अर्धशतकानंतर लिहिताना वृद्धाची स्मृती चुकली असावी.) अन्यत्र कित्येक मालकांनी माणसांना घरी बसविले. न्यू लॅनार्कमध्ये यंत्रे स्वच्छ राखण्यापलीकडे काही काम नसता चार महिने सर्वांस पुरा पगार मिळाला. ही रक्कम सात हजार पौंडांवर गेली. लोकांची मने आपण जिंकली ती तेव्हा, असे ओवेन स्वतःच लिहितो.

भागीदारांना त्याचे शाळांसारखे खर्च मानवले नाहीत. तंटा वाढून १८१३ च्या अखेरीस गिरण्यांचा लिलाव झाला. नव्या भागीदारांसह ओवेनने त्या १,१४,१०० पौंडांस राखल्या. तो परतला, तेव्हा कामगारांनी गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढीत गावात नेली.