वांगणीचे आकाश आणि ताऱ्यांभोवतीची धूळ

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे वाढत गेली तसे त्यांचे रात्रीचे आकाश दिव्यांनी उजळत गेले, आणि बदलापूरपलीकडच्या वांगणीला आकाशदर्शनाच्या इतिहासात स्थान मिळाले. खगोल मंडळाने तेथे भरवलेल्या रात्रभराच्या कार्यक्रमांतून मृगातील तांबूस काक्षी आणि वृश्चिकातील ज्येष्ठा यांची ओळख सामान्य माणसांना झाली. हे दोन्ही तारे उतारवयातील व प्रचंड फुगलेले असून, अशा ताऱ्यांपासून दूर जाणारा वायू निवत जातो तसतसे त्यात खनिजांचे कण घट्ट होतात. २०१९ च्या अखेरीस काक्षीचे तेज नुसत्या डोळ्यांनाही जाणवेल इतके घटले, त्यामागे अशीच नव्याने जमलेली धूळ होती, असा निष्कर्ष २०२१ मध्ये मांडला गेला.

हे कण इतके सूक्ष्म व इतके दूर असतात की त्यांचा आकार प्रकाशावरूनच ताडावा लागतो. १९८३ मध्ये सोडलेल्या 'आयरास' उपग्रहाने अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडच्या अदृश्य प्रकाशात हजारो ताऱ्यांचे वर्णपट नोंदवले. त्यांपैकी ऑक्सिजनने समृद्ध अशा वृद्ध ताऱ्यांत १० व १८ मायक्रोमीटर तरंगलांबीला सिलिकेट खनिजाचे उंचवटे दिसतात. त्यांचा अर्थ लावताना कण भरीव गोल मानणे सोयीचे होते, कारण गोलावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचे गणित गुस्टाव मी यांनी १९०८ मध्येच सोडवले होते; पण निसर्गातील कण असे सुबक असण्याचे काहीच कारण नाही.

ही सोय नाकारण्याचे मोलाचे काम पुण्यात झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेतील रंजन गुप्ता यांनी डी. बी. वैद्य यांच्यासह सिलिकेटच्या चपट्या कणात ग्रॅफाइटचे अंश किंवा पोकळ्या कल्पिल्या आणि त्या कणाचे असंख्य बारीक विद्युत्-द्विध्रुवांत, म्हणजे धन-ऋण प्रभारांच्या जोड्यांत, विभाजन करून त्याचे प्रकाशशोषण मोजले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, अक्षांचे गुणोत्तर सुमारे १.३३ असलेले मिश्रकण आयरासच्या नोंदींशी जुळतात असे दिसले.

अर्थात कणाचा आकार आणि धुळीच्या आवरणाचा आकार हे वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर चिलीतील 'आल्मा' या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने २०२० मध्ये बरेच पुढे नेले, तेव्हा वृद्ध ताऱ्यांचे वारे गोल पसरत नसून सहचर ताऱ्याच्या किंवा मोठ्या ग्रहाच्या ओढीने त्यांत सर्पिले, कमानी आणि चकत्या घडतात, असे आढळले.