शिसेविरहित पेट्रोल आणि जुनी इंजिने

शिसे मिसळलेल्या पेट्रोलच्या काळात घडवलेली मोटारींची इंजिने आजच्या पेट्रोलवर चालवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय. मुख्य अडचण एकच : एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये खचत जाणे. शिसे गेले की जुन्या गाड्या संपल्या, ही भीती मात्र खरी ठरली नाही.

पेट्रोलमध्ये शिसे आले ते नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, थांबवण्यासाठी. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा हा गुण टॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेतील डेटन येथे, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत सापडला. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच शहरात हे पेट्रोल पंपावर आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही काही काळ थांबलेली विक्री पुन्हा सुरू झाली आणि पुढची पन्नास वर्षे जगभरच्या इंजिनांची रचना शिसे गृहीत धरूनच होत राहिली. शिसे येण्याआधीच्या गाड्यांना या प्रश्नाची झळ नाही. फोर्ड मॉडेल टी १९०८ मध्ये शिशाविनाच रस्त्यावर आली होती.

व्हॉल्व्ह सीटला मिळणारे संरक्षण हा शिशाचा अनपेक्षित गुण. ज्वलनानंतर त्याच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसतो आणि तो धातूला धातू भिडू देत नाही. हा थर नसला की लालबुंद तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटताना सीटला सूक्ष्म ठिकाणी चिकटतो आणि उघडताना तिचे कण उपटून नेतो. ते कण व्हॉल्व्हच्या तोंडावर रुतून सीटवर कानशीसारखे काम करतात. एरवी झिजेने टॅपेटची फट वाढते. इथे ती कमी होते. एमजीबीसारख्या गाडीत सुमारे ०.०१५ इंचावर बसवलेल्या फटीत काही महिन्यांनी फीलर गेजचे तेच पाते शिरत नसेल, तर व्हॉल्व्ह वर सरकला आहे असे समजावे. दुर्लक्ष झाले की फट उरतच नाही, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

धोका कोणाला? बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेल्या इंजिनांना. ब्रिटिश बीएमसीची ए आणि बी मालिका ही त्याची ठळक उदाहरणे : मिनी, मॉरिस मायनर, एमजीबी, आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आपली १४८९ सीसीची अँबॅसडर. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्याच्या हेडमध्ये वेगळ्या धातूची सीट बसवावीच लागते. म्हणून फियाट ११०० आणि तिच्यापासून आलेली प्रीमियर पद्मिनी यांची काळजी त्यामानाने कमी. वेगालाही महत्त्व आहे. शहरात रमतगमत चालणारी अँबॅसडर वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. भर उन्हात तासन्‌तास एक्स्प्रेसवेवर दामटली, तर मात्र सीट झपाट्याने झिजते.

पक्का उपाय लेथवाल्याकडे आहे. हेड उतरवून एक्झॉस्टच्या जागी कठीण धातूच्या सीट बसवल्या की प्रश्न कायमचा मिटतो. त्यासाठी धडधाकट इंजिन खोलण्याची घाई नको. हेड कधीतरी उतरतेच, तेव्हा काम करून घ्यावे. तोवर फॉस्फरस, पोटॅशियम, सोडियम किंवा मँगनीज असलेली ॲडिटिव्ह टाकीत टाकता येतात. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या महासंघाने अशा द्रव्यांची चाचणी करून घेतली होती. नॉकिंग ऐकू आले, तर इग्निशनचे टायमिंग एखाददुसरा अंश मागे घ्यावे.

ब्रिटनने १ जानेवारी २००० पासून शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबवली. भारतात शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ रोजी चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच उरले. शेवटचा देश अल्जीरिया. तेथील साठा जुलै २०२१ मध्ये संपला. मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम पाहता ही बंदी उशिराच आली, आणि जुन्या गाडीवर जीव असणाऱ्यानेही तिचे स्वागतच करावे.

जुन्या गाडीला आज खरा त्रास आहे तो इथेनॉलचा. महाराष्ट्राच्या उसातूनही तयार होणारे हे इंधन भारतात आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. ते हवेतले पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम फुगवते किंवा चिरवते, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करून कार्बुरेटरच्या जेटमध्ये आणून अडकवते. शिवाय त्याला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडून इंजिन तापते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे महागडे पेट्रोल पंपावर ठेवण्यात आले. भारतात बहुतेक पंपांवर अशी निवड मिळत नाही. म्हणून अँबॅसडर किंवा पद्मिनी बाळगणाऱ्याने सीटची चिंता करण्याआधी पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घ्याव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बुरेटर रिकामे करूनच ठेवावेत.