दोरीच्या हिसक्याने जागे होणारे यंत्र

वल्हे आणि शीड यांचा इतिहास हजारो वर्षांचा आहे. त्या मानाने नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे, आणि काम संपले की काढून घरी न्यायचे लहानसे मोटारयंत्र अगदी अलीकडचे. त्याला ‘आउटबोर्ड मोटर’ म्हणतात. ज्याच्या हाती ते असे, त्यालाच त्याची दुरुस्तीही करावी लागे. त्या यंत्राचा इतिहास पाहू लागलो की ही गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते.

नॉर्वेत जन्मून बालपणीच अमेरिकेत आलेला ओले इव्हिनरूड हा मिलवॉकी शहरातला साचे घडविणारा कारागीर. प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणताना तळ्यावर वल्ही मारता मारता ते वितळून गेले आणि त्यातून त्याला मोटरीची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथेतले खरेखोटे कसेही असो. १९०९ साली त्याने दीड अश्वशक्तीची, ६२ पौंड वजनाची मोटर विक्रीस आणली. असा प्रयत्न करणारा तो पहिलाच नव्हे; डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने त्याआधीच तशी मोटर बनविली होती. परंतु इव्हिनरूडचे यंत्र लोकांत रुजले. पत्रव्यवहार आणि जाहिरात सांभाळणारी त्याची पत्नी बेस हिचाही त्या यशात मोठा वाटा होता.

इंग्लंडमध्ये या परंपरेला निराळे वळण लागले. मोटारसायकली बनविणाऱ्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन कंपनीत १९३१ च्या सुमारास ‘सीगल’ मोटर जन्मली. पुढे तिचा कारखाना समुद्रकाठच्या पूल या गावी गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या लहान नावांना या मोटरी लावल्या गेल्या. ‘सीगल’ दिसायला ओबडधोबड, आवाजाने कर्कश. तिच्यावर झाकण नाही. चाकावरच्या खाचेत दोरी गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. मात्र तिचा प्रत्येक अवयव उघड्यावर, हाताशी. पाण्यातल्या पंख्याला गती मिळे ती एका जाड पोलादी स्प्रिंगमधून. पंखा खडकावर आपटला तर तो धक्का स्प्रिंग सोसते आणि आतली दंतचक्रे वाचतात.

अशी जुनी मोटर चालू होईना, तर तपासाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम इंधन. टाकीच्या टोपणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला असेल, तर मोटर थोडा वेळ चालून गप्प होते. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरचे बारीक छिद्र बुजवितो. ते काढून धुवावे. त्यानंतर ठिणगी. स्पार्क प्लग काढून त्याची धातूची बाजू सिलिंडरला टेकवावी आणि दोरी ओढावी. निळी, ठसठशीत ठिणगी दिसली तर ठीक. ती पिवळट व दुबळी असेल, किंवा दिसतच नसेल, तर आधी नवा प्लग लावून पाहावा. मग चाकाखालच्या मॅग्नेटोची टोके तपासावीत. दमट हवेने ती काळवंडतात. अलगद घासून त्यांतले अंतर सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर आणावे. तिसरे, पाणी. मोटर चालू असताना थंडाव्याचे पाणी बाहेर पडत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता ती बंद करावी. बहुधा आत मीठ किंवा गाळ साचलेला असतो. म्हणूनच खाऱ्या पाण्यातून आलेली मोटर गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवून ठेवण्याची रीत पडली. दंतपेटीतले तेल दुधासारखे पांढरट झाले, तर पाणी आत शिरले असे समजावे आणि तेल बदलावे.

या यंत्राचा गौरव करताना त्याचा दोष झाकणे योग्य नव्हे. जुन्या ‘सीगल’ना दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागे. त्यातले न जळलेले तेल पाण्यावर रंगीत तवंग होऊन पसरे. पुढच्या मोटरी कमी इंधन पिणाऱ्या, शांत आणि स्वच्छ निघाल्या. १९९६ साली ‘सीगल’चे उत्पादन थांबले, २०२० साली इव्हिनरूडच्या नावाच्या मोटरीही बनेनाशा झाल्या.

तरीही जुन्या मोटरी गोळा करून त्या पुन्हा बोलक्या करणारे हौशी लोक आजही आहेत. त्याला केवळ गतकाळाची ओढ म्हणता येणार नाही. नवे यंत्र क्वचितच बिघडते. पण बिघडले की त्याचा मालक बहुधा हतबल होतो, कारण त्याचा दोष बंद पेटीत दडलेला असतो. किनाऱ्यापासून मैलभर दूर, भरती उतरत असताना, जुन्या मोटरीच्या मालकाजवळ एक पाना, एक जादा प्लग आणि तपासाचा क्रम एवढी सामग्री असे. त्या बळावर तो घरी परतत असे. संग्रहालयात यंत्र जपता येईल. परंतु ते उघडून पुन्हा चालू करण्याची विद्या कुणीतरी हाताने शिकवावी आणि कुणीतरी हाताने शिकावी लागते.