शिकारी प्राणी : जड धातूंच्या प्रदूषणाचे दर्शक

पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू एखाद्या परिसंस्थेत किती आणि कुठवर पोहोचले आहेत, हे तेथील वन्य शिकारी प्राण्यांची पिसे, केस, रक्त, हाडे किंवा अवयव तपासून ठरवण्याची पद्धत. जैवनिरीक्षणाची ही एक शाखा आहे. गरुड, ससाणे, घुबडे, पाणमांजरे, ध्रुवीय अस्वले, प्यूमा, मगरी यांच्यापासून चतुराच्या अळ्यांपर्यंत अनेक भक्षकांचा यासाठी उपयोग झाला आहे.

नदीतून भरून घेतलेली बाटली त्या घटकेचे पाणी दाखवते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळच्या नमुन्यात सापडेलच असे नाही. शिवाय गाळात धातू सापडला, तरी त्यातला किती सजीवांच्या अंगात उतरतो हे त्या गाळावरून कळत नाही. शिकारी प्राणी मोठ्या टापूत फिरतो, अनेक वर्षे जगतो आणि त्या काळात असंख्य भक्ष्ये खातो. त्याच्या शरीरात सापडलेला धातू हा अन्नजाळ्यातून खरोखर वर चढलेला धातू असतो. प्रदूषण मोजायचे ते सजीवांच्या काळजीपोटी, मग मोजमापही सजीवातच घेणे हे सर्वांत सरळ.

ही पद्धत सर्वांत चांगली लागू पडते ती पाऱ्याला. दलदलीच्या, खाडीच्या किंवा तळ्याच्या प्राणवायू नसलेल्या गाळात काही जीवाणू पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. हे संयुग प्रथिनांतील गंधकाला घट्ट चिकटते आणि शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. शेवाळातून कीटकात, कीटकातून लहान माशात, लहान माशातून मोठ्यात असे प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. यालाच जैवविशालन म्हणतात. मोठ्या शिकारी माशाच्या मांसात ते भोवतालच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. पाण्यात उपकरणाला जेमतेम जाणवणारा पारा मासेखाऊ पक्ष्याच्या पिसात सहज मोजता येतो.

या पद्धतीचे सामर्थ्य पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते स्वीडनमध्ये. तेथे 1940 च्या सुमारास पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक म्हणून अल्किल पाऱ्याची संयुगे चोळण्याची पद्धत सुरू झाली. 1950 नंतरच्या वर्षांत शेतांतून दाणे टिपणारे पक्षी मेलेले सापडू लागले आणि त्यांच्यामागोमाग त्यांना खाणारे शिकारी पक्षीही. पक्ष्यांच्या अंगातला पारा नवा की पूर्वापार चालत आलेला, असा वाद होता. त्याचा निकाल संग्रहालयांतील कपाटांनी लावला. बर्ग, योनेल्स, श्योस्ट्रांड आणि वेस्टरमार्क या संशोधकांनी शंभर वर्षांत जमवलेल्या पक्ष्यांची पिसे न्यूट्रॉन मारा करून तपासली आणि निष्कर्ष 1966 मध्ये प्रसिद्ध केले. शिक्र्याच्या कुळातला गोशॉक हा दणकट पक्षी कबुतरे आणि तित्तिरवर्गीय पक्षी मारतो. त्याच्या पिसांतील पारा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जवळपास एका पातळीवर होता आणि 1940 नंतर तो एकदम दहापटीहून अधिक वाढला होता. मासे खाणारा ऑस्प्रे आणि मोठी शेंडीदार पाणडुबी यांच्या पिसांतील वाढ मात्र विसावे शतक सुरू झाल्यापासूनच हळूहळू चढत गेलेली होती. म्हणजे शेतातला पारा बियाण्यातून आला होता आणि तळ्यातला कारखान्यांतून. दोन प्रकारच्या भक्षकांनी दोन वेगळे उगम दाखवून दिले. त्याच 1966 मध्ये स्वीडनने बियाण्यासाठी अल्किल पारा वापरण्यास बंदी केली आणि त्यानंतर गोशॉकच्या पिसांतील पारा पुन्हा उतरला.

पीस हे या कामी फार सोयीचे आहे. वाढत असताना त्याला रक्तपुरवठा असतो आणि त्याच काळात रक्तातला पारा त्याच्या केराटिनमध्ये जाऊन बसतो. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा तुटतो आणि पाऱ्याचे प्रमाण तिथेच गोठते. पक्ष्याच्या शरीरातील बहुतांश पारा पिसांमध्येच असतो. पिसे झडणे हा तो बाहेर टाकण्याचा त्याचा मोठा मार्ग आहे. त्यामुळे घरट्याखाली पडलेले पीससुद्धा पुरते, पक्ष्याला हात लावावा लागत नाही. फक्त ते कुठे उगवले हे ठाऊक हवे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचे पीस हिवाळी मुक्कामात आलेले असेल, तर ते तिथल्याच पाण्याची हकिकत सांगणार. जुन्या संग्रहांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. कातडी कीड लागून खराब होऊ नये म्हणून पूर्वी त्यांना मर्क्युरिक क्लोराइड आणि आर्सेनिक लावत. म्हणून आता जुन्या पिसात एकूण पाऱ्याऐवजी केवळ मिथिल पारा मोजण्याकडे कल आहे, कारण तो टिकवणुकीच्या रसायनातून येत नाही.

इतर ऊतींची प्रत्येकाची मुदत वेगळी. रक्तातले शिसे अलीकडच्या काही आठवड्यांचे असते, हाडातले जन्मभराचे. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि वयाबरोबर वाढत जाते, त्यामुळे प्राण्याचे वय माहीत नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. पारा अंड्यात उतरतो. शिसे आणि कॅडमियम फारच थोडे.

पाऱ्याचा माग कुठून कुठे लागेल याचे विलक्षण उदाहरण कॅलिफोर्नियातील सांता क्रूझच्या डोंगरांत मिळाले. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुद्राच्या धुक्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्यूमांच्या केसांत आणि मिशांत धुक्याबाहेरील प्यूमांच्या सुमारे तिप्पट पारा आढळला. प्यूमा मासे खात नाही, तो हरणे मारतो. मग पारा आला कुठून? खोल समुद्रातले पाणी किनाऱ्याजवळ वर येते तेव्हा त्यातील पाऱ्याची संयुगे हवेत जातात आणि धुक्याच्या थेंबांत मिथिल पारा होऊन जमिनीवर येतात. झाडांवरची दगडफुले (आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूल याच वर्गातले) मुळे नसल्यामुळे सारे पोषण हवेतून आणि धुक्यातून घेतात, आणि त्याबरोबर पाराही. हरीण दगडफूल खाते, प्यूमा हरीण खातो. दगडफुलापासून प्यूमापर्यंत प्रमाण सुमारे हजारपट होते. त्या डोंगरात कोणताही कारखाना दाखवता आला नसता. प्यूमाच्या मिशीने समुद्राकडे बोट दाखवले.

शिशाची गोष्ट निराळी आहे, आणि लोकप्रिय लेखनात इथे हटकून गल्लत होते. शिसे आणि कॅडमियम अन्नसाखळीत पायरीपायरीने पाऱ्यासारखे वाढत नाहीत. शिकारी पक्ष्यांना शिसे मिळते ते मुख्यतः बंदुकीच्या गोळीतून. शिशाची गोळी जनावराच्या अंगात शिरताच फुटते आणि तिचे कण जखमेपासून दूरवर पसरतात. शिकाऱ्याने जागेवर टाकून दिलेल्या आतड्यांच्या क्ष-किरण चित्रात ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. तेच मांस गरुड आणि गिधाडे खातात, आणि त्यांच्या तीव्र जठररसात शिसे विरघळते. कॅलिफोर्निया कंडोर हा मृतभक्षक असला तरी येथे त्याचा उल्लेख टाळता येत नाही. 1987 मध्ये शेवटचा मुक्त कंडोर पकडला तेव्हा जगात 27 पक्षी उरले होते. 1992 पासून ते पुन्हा सोडण्यात आले, पण विषबाधा थांबली नाही. पक्ष्यांच्या रक्तातील शिशाच्या समस्थानिकांचे गुणोत्तर गोळ्यांतील शिशाशी जुळले, तेव्हा उगमाबद्दलची शंका उरली नाही. कॅलिफोर्नियाने 2019 पासून वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद केल्या. अमेरिकेच्या 38 राज्यांतील 1,210 गरुडांवरील 2022 च्या अभ्यासात, हाडे तपासता आलेल्या पक्ष्यांपैकी जवळपास निम्म्यांत दीर्घकालीन शिसेबाधेच्या खुणा होत्या.

ब्रिटनमध्ये मेलेल्या शिकारी पक्ष्यांची तपासणी 1960 नंतरच्या दशकापासून अखंड चालू आहे. रस्त्यावर किंवा शेतात सापडलेला मृत पक्षी नागरिक प्रयोगशाळेकडे पाठवतात. इतकी जुनी मालिका हेच तिचे मोल, कारण एका वर्षाचा आकडा फारसे काही सांगत नाही. मात्र सापडलेली प्रेते ही सर्व पक्ष्यांची प्रातिनिधिक निवड नसते. उपाशी मेलेल्या पक्ष्याच्या आटलेल्या यकृतात धातूचे प्रमाण फुगलेले दिसू शकते. समुद्री सस्तन प्राण्यांच्या यकृतात पारा सेलेनियमशी बांधला जातो, म्हणून तेथे मोठा आकडा म्हणजे तेवढीच मोठी इजा असे धरता येत नाही. प्राणी काय खातो हेही आधी ठरवावे लागते. त्यासाठी नायट्रोजनचे समस्थानिक मोजून अन्नजाळ्यातली त्याची पायरी काढतात, नाहीतर आहारातील बदल हा प्रदूषणातील बदल समजला जातो.

भारत 2018 मध्ये पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराचा पक्षकार झाला. आपल्याकडे अशा पाहणीसाठी शहरांच्या कडेला घरटी करणारी घार आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांतली पाणमांजरे हे प्राणी योग्य ठरतील. घारीचे झडलेले पीस आणि पाणमांजराची विष्ठा दोन्ही प्राण्याला न पकडता गोळा करता येतात.

मोठा प्राणी दुर्मीळ किंवा दूरवर फिरणारा असेल, तेथे छोटा भक्षक अधिक उपयोगी पडतो. चतुराच्या अळ्या पाण्यात राहून इतर कीटक आणि लहानसहान जलचर खातात, काही जातींत हा काळ कित्येक वर्षांचा असतो, आणि त्या आपले डबके सोडून जात नाहीत. अमेरिकेतील सुमारे शंभर राष्ट्रीय उद्यानांत आणि संरक्षित क्षेत्रांत शाळकरी मुले व स्वयंसेवक जाळीने या अळ्या पकडून पाऱ्याच्या तपासणीसाठी पाठवतात. त्यांच्यातील प्रमाण त्याच पाण्यातील माशांमधील प्रमाणाशी चांगले जुळते.