३२ मिलिमीटरचं माथेरान

आजचा एपिसोड बोईसरहून, आमच्या घरातून. मागे जो धडधडाट ऐकू येतोय ती मालगाडी आहे. एडिट करून काढली नाही, कारण आजचा विषयच रुळांचा आहे.

आमच्या स्टेशनातली लाइन ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. बुलेट ट्रेनचंही स्टेशन इथे होतंय, तिचं अंतर १४३५. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर तिसरी लाइन आहे, फक्त ३२ मिलिमीटरची. तिच्यावर माथेरानचं वाफेचं इंजिन उभं आहे. ते मी आणि पप्पांनी मिळून बनवलं. दीड वर्ष लागलं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते रंगावरून.

आधी थोडा इतिहास. नेरळ ते माथेरान ही लाइन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. काम १९०४ला सुरू झालं, मार्च १९०७मध्ये गाडी धावली, खर्च सुमारे १६ लाख रुपये. लांबी साधारण २० किलोमीटर. चढ २०ला १, म्हणजे २० मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. वळणं इतकी की डब्यात बसून आपलंच इंजिन खिडकीतून समोर दिसतं. रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, बार्शी लाइटच्या ७६२पेक्षाही कमी.

आता गणित. ६१०ला १९ने भागा. उत्तर जवळपास ३२ येतं. म्हणून आमचं मॉडेल १ ला १९ या मापाचं. या मापात उभा माणूस नऊ-साडेनऊ सेंटिमीटरचा होतो.

पीरभॉयांनी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिनं आणली. प्रत्येकाला सहा चाकं, म्हणजे तीन आस. काय होतं ना, तीन आस फ्रेममध्ये घट्ट बसवले तर तीव्र वळणावर चाकं रुळात अडकतात. त्यावर उपाय होता क्लीन-लिंडनर आस. पुढच्या आणि मागच्या आसात एक भरीव दांडा असतो आणि त्याच्यावरून एक पोकळ नळी. चाकं नळीला, दांडा फ्रेमला. दोघांची गाठ फक्त मधोमध, एका गोळ्यावर. दांडा सरळच फिरतो, पण नळी चाकांसकट वळणाप्रमाणे थोडी तिरकी होते. वरून सगळं जागच्या जागी आणि आतून लवचीक. चांगला कोड असाच लिहितात, असं मी पप्पांना म्हणालो. ते म्हणाले, "आधी कानस नीट धर."

पप्पा एमआयडीसीत फिटर होते, आता रिटायर. पत्रा कापणं, कानस मारणं, डाग देणं सगळं त्यांचं. चष्मा लावूनही आता हात थोडा थरथरतो, म्हणून बारीक स्क्रू मी लावायचो. माझ्या हातात आयुष्यभर कीबोर्डच, त्यामुळे निम्मे स्क्रू फरशीवर.

मग रंग आला. मी हिरवा आणून ठेवला होता. माझ्या डोक्यात १९०७चं नवंकोरं इंजिन. पप्पा म्हणाले, "काळं होतं. मी बघितलंय." ते १९७५ला, सातवीत असताना शाळेच्या सहलीला गेले होते. मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही १९७५चं बघितलंत. मी १९०७चं बनवतोय."

पण १९०७चा माझ्याकडे पुरावा काय? कृष्णधवल फोटो. त्यात हिरवा, लाल, काळा सगळेच गडद करडे. ही वाफेची इंजिनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत थांबली. आज त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेलं. पण प्रदर्शनात ठेवलेल्या इंजिनाला पुन्हा पुन्हा रंग देतात. तो रंग साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदार एकच होता, आणि तो माझ्यासमोर बसून चहा पीत होता.

मी वकिलासारखं विचारलं, "रंग काळा होता की काजळी?"

"ते माहीत नाही. हात लावला तर हात काळा झाला. तोच शर्टाला पुसला. सरांनी ओरडलं."

मग ठरलं, मॉडेल १९७५चं. मॉडेल करायचं तर तारीख ठरवावीच लागते. पुस्तकात उद्घाटनाची तारीख मिळते. पण इंजिन त्यानंतर सत्तरेक वर्षं राबलं, ते कसं दिसायचं हे माणसांना विचारावं लागतं.

रंग मी जुलैत मारला, गॅलरीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या इंजिनावर पांढरी झाक! पप्पा म्हणाले, "पावसात एनसी पेंट मारतात का? हवेतलं पाणी बसलं त्याच्यावर." सगळा थिनरने उतरवला. पितळ साबणाने धुतलं, ऑक्टोबरची वाट बघितली. मग प्रायमर, त्यावर पातळ काळ्याचे तीन हात, चकाकी न येणारे. चिमणीजवळ काजळी, पाणी भरायच्या तोंडाखाली क्षाराचे पांढरे ओघळ, खाली ब्रेकच्या धुळीचा तपकिरी.

मला वाटलं झालं. पप्पांनी पेन्सिल मागितली, ६बी. केबिनच्या दांड्यांवर, जिथे ड्रायव्हर धरून चढतो तिथे, शिसं घासलं. तेवढाच भाग लोखंडासारखा चमकायला लागला.

"मशीन कुठलंही असू दे," ते म्हणाले, "रोज हात लागतो तिथला रंग टिकत नाही."

तर मंडळी, घरातल्या जुन्या अल्बममध्ये माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचा रंगीत फोटो असेल, तर शोधा आणि पाठवा. पप्पा चुकले असतील तर मी पुन्हा रंग द्यायला तयार आहे. पण ते दांडे नाही पुसणार.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.