लॅक्स्टन : कुंपण न पडलेले गाव

१/ इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचे लहानसे खेडे आहे. दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस तेथील शेतकऱ्यांपैकीच निवडलेले पंच गव्हाच्या शिवारात उतरतात आणि कोणाचा नांगर हद्दीबाहेर गेला आहे काय, हे तपासतात. मध्ययुगीन खुल्या शेतीची ही पद्धत कामकाजासह टिकवून धरणारे हे इंग्लंडमधील शेवटचे गाव मानले जाते.

२/ लॅक्स्टनला तीन मोठी शिवारे आहेत : वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक, तिसरे पडीक. दरवर्षी हा क्रम फिरतो. शिवारात कुंपण नाही. प्रत्येकाची जमीन लांबट पट्ट्यांत विखुरलेली असते, त्यामुळे सकस आणि हलकी जमीन सर्वांच्या वाट्याला येते.

३/ अशी शेती एकट्याने करता येत नाही. काय पेरावे, जनावरे केव्हा सोडावीत, हे गावाने मिळून ठरवावे लागते. त्यासाठीच ‘कोर्ट लीट’ ही गावसभा होती.

४/ १६३५ साली मार्क पियर्स याने या गावाचा नकाशा काढला. त्यात पट्टी न् पट्टी नोंदलेली आहे. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

५/ इतरत्र मात्र चित्र पालटले. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे केले. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भूमी त्यांखाली आली. उत्पादन वाढवण्याचे कारण पुढे केले गेले. पण गायरानावर एखादी गाय चारणाऱ्या, सरपण वेचणाऱ्या गरिबाचा आधार तुटला.

६/ लॅक्स्टनमध्येही सारे जसेच्या तसे राहिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्ट्या एकत्र करून रुंद करण्यात आल्या. मात्र तिन्ही शिवारांचा गाभा आणि गावसभा शाबूत राहिली.

७/ १९५२ मध्ये जमीनदार अर्ल मॅनव्हर्स यांनी ही मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली. २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याच्याच वारशातील थोर्स्बी इस्टेटने ती परत विकत घेतली. मालक बदलले; पंच मात्र दर हिवाळ्यात शिवारात उतरतच राहिले.

८/ हद्द जेथे मोडली असेल तेथे पंच लाकडी खुंट्या ठोकतात. पुढे सभा भरते आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळ असते. ज्यांच्यासोबत वर्षभर नांगरायचे, त्यांच्यासमोर दोष मान्य करावा लागणे हे अधिक जड असते.

९/ बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात, हे मराठी शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लॅक्स्टनमध्येही मोह तोच आहे. फरक इतकाच, की तेथे तो मोह गृहीत धरून त्यावर दरवर्षी नजर ठेवली जाते. सामायिक जमीन केवळ सद्भावनेवर टिकत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा हिशेब मागण्याची आणि तो देण्याची सवय गावात असावी लागते.